धूळ काढण्याआधीची धार

८ मार्च

प्रिय वन्सं,

तुमच्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करीन, आधी बातमी ऐका.

काल स्टुडिओत एक जाड पाकीट आलं. वरचं अक्षर पाहिलं आणि हातातला चहा हातातच निवला. चोवीस वर्षांत ते अक्षर समोर आलं नव्हतं, पण विसरायला ते काही किराण्याच्या यादीवरचं नव्हतं. थोरल्या जाऊबाईंचं! तीच लांब शेपटाची वेलांटी, प्रत्येक शब्दाला छडी मारून उभं केल्यासारखी.

तुमच्या बाबांच्या सायकलींच्या दुकानाला पुढच्या महिन्यात साठ वर्षं होतायत. भाऊजी आणि जाऊबाई त्याचा समारंभ करतायत. हॉल घेतलाय, त्यात पंधरा दिवस जुन्या फोटोंचं प्रदर्शन. निगेटिव्ह स्कॅन करायच्या, मोठे प्रिंट काढून भिंतींवर लावायचे आणि तेच फोटो लहान करून दुकानाच्या वेबसाइटवर टाकायचे. काम घेतलं आमच्या साहेबांनी. करणार कोण? अख्ख्या स्टुडिओत जुन्या निगेटिव्हना हात लावणारी मी एकटी. जाऊबाईंना याचा पत्ता नाही. त्यांच्या लेखी मी नुसती 'स्टुडिओवाले' आहे.

पाकिटात दुकानाचे फोटो आहेत आणि तुमच्या लग्नाचा एक अख्खा रोल.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही नवरीच्या खोलीत होतात, म्हणून मी तुम्हाला तो दिवस पुन्हा पुन्हा सांगत आलेय. आजही सांगते, ऐकून घ्या. पाच वाजता सासूबाईंची पांढऱ्या खड्याची अंगठी सापडेना. हात धुताना काढून त्यांनी ती कपाटाच्या खणात ठेवली होती. जाऊबाई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "त्या खोलीत धाकटी एकटीच होती." आणि माझी बॅग ओढून फरशीवर उलटी केली. कंगवा, मुलीची दुधाची बाटली, तिचे ओले लंगोट, माझ्या गोळ्यांची पट्टी. कुणीतरी हसलं. अंगठी निघाली नाही, तर म्हणाल्या, "बाहेर पोचवली असणार." आम्ही तिघं नेसत्या कपड्यांनिशी निघालो ते कायमचे.

ह्यांनी मला वाटेत काही विचारलं नाही. पुढे अठरा वर्षं विचारलं नाही, आणि मग एक दिवस तेच गेले. खात्री होती म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पण कधीकधी भाजी चिरताना सुरी थांबते, वन्सं. उत्तराची भीती वाटली म्हणून विचारलं नसेल तर?

त्या घरातल्या तुम्ही एकट्या, ज्यांनी मला पत्र लिहायचं सोडलं नाही. म्हणून हे तुम्हालाच सांगते. पाकीट माझ्या टेबलावर आहे. मला त्यातून काहीतरी हवंय. काय ते अजून कळलेलं नाही, पण जाऊबाईंना ते आवडणार नाही एवढं नक्की.

गुडघे कसे आहेत?

तुमची,
धाकटी


१४ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. तू आमच्या घरातल्या कुणाचाच फोन घेत नाहीस, त्यामुळे पोस्टमनला माझा जिना पाठ झालाय. तसं मलाही पत्रच बरं. फोनवर माझं धड बोलणं होत नाही.

कशाला त्या पाकिटाला हात लावतेस? साहेबांना सांग, डोळे दुखतायत, दुसऱ्या कुणाला द्या. नाहीतर पटकन करून मोकळी हो. काम ते काम.

तू ती अंगठी घेतली नाहीस हे मला ठाऊक आहे. दर पत्रात लिहीत आलेय, आजही लिहिते. थोरली वहिनी तोंडाची तिखट, पण आता तीही साठीला टेकली. दादाला ऐकू येत नाही, त्याच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकवायचं. आई जाऊन तर किती वर्षं झाली. आता कुणाशी भांडणार आहेस?

माझ्या लग्नाच्या रोलमध्ये काय काय आहे ते मात्र कळव. माझा एकटीचा, जवळून काढलेला आहे का एखादा? असला तर लावू नकोस बाई. माझे दात तेव्हा फार पुढे होते आणि त्या फोटोग्राफरने मला मुद्दाम हसवलं होतं.

गुडघे उतरताना कुरकुरतात, चढताना ओरडतात. समारंभाला यायचं जमेलसं दिसत नाही.

तुझी,
वन्सं


२१ मार्च

प्रिय वन्सं,

बसून वाचा. अंगठी सापडली.

फोटो तुम्हाला निरोप देतानाचा आहे. सहा वाजताचा. मागे ओसरीच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, म्हणजे माझी बॅग उलटी होऊन तास झाला होता आणि मी लेकराला कडेवर घेऊन बसस्टॉपवर उभी होते. मोटारीपुढे सगळं घर जमलंय. मधोमध जाऊबाई. त्यांच्या शेजारी तुम्ही, पर्स छातीशी धरून रडताय. (दात दिसत नाहीत, काळजी नसावी.) जाऊबाईंचा उजवा हात तुमच्या खांद्यावर आहे. आणि त्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात पांढरा खडा, भोवती काळसर कोंदण.

तुम्ही म्हणाल, हा फोटो चोवीस वर्षं सगळ्यांच्या अल्बममध्ये आहे, मग कुणालाच कसा दिसला नाही? तेच तर माझं काम आहे, वन्सं. अल्बममधला फोटो पोस्टकार्डाएवढा, त्यात बोट म्हणजे एक रेघ. वेबसाइटसाठी बाराशे ठिपके रुंद केला की शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि खडा नाहीसा होतो. पण मी निगेटिव्ह स्कॅन करते ती साडेपाच हजार ठिपके रुंद. मग तिला धार लावते. धार लावायची म्हणजे नवीन काही आणायचं नसतं. उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथे उजेड थोडा वाढवायचा, अंधार थोडा गडद करायचा, की कड उठून दिसते. पहिल्यांदा धार लावली तेव्हा नुसता पांढरा ठिपका होता. दुसऱ्यांदा लावली, भोवती काळी कड आली. तिसऱ्यांदा लावली आणि सासूबाईंची अंगठी माझ्याकडे बघून चमकली.

मी खुर्चीतून उठले आणि खोलीत तीन फेऱ्या मारल्या. साहेब म्हणाले, "काय झालं, दाढ दुखतेय का?" म्हटलं, "दुखत होती. आता थांबली."

आता पुढचं ऐका. जाऊबाई नमुने फोनवर बघतात. फोनवर मी बाराशे ठिपक्यांचा पाठवणार, त्यात काही दिसत नाही. त्या पसंत म्हणाल्या की छपाई मात्र मोठ्या फाइलवरून. म्हणजे चोरीची अंगठी बोटात घालून त्या स्वतःच्याच समारंभात सगळ्या गणगोतासमोर उभ्या राहतील. मी त्यांची बॅग उलटी करणार नाही. फक्त हात मोठा करून दाखवणार.

चोवीस वर्षांत मी एवढी गाढ झोपले नव्हते.

तुमची,
धाकटी


२४ मार्च

स्टुडिओचे व्यवस्थापक यांस,

फोनवर पाठवलेले सर्व नमुने पाहिले. काम चांगले आहे. पुढील सूचना लक्षात घ्याव्यात.

क्रमांक चारमध्ये माझी मान जाड दिसते, ती बेताची करावी. क्रमांक सातमध्ये आमच्या मिस्त्रींनी मध्येच डोके घातले आहे, पण ते दुकानात चाळीस वर्षे आहेत, राहू द्यावे. क्रमांक अकरा, म्हणजे आमच्या वन्संच्या लग्नातला निरोपाचा फोटो, दारातून आत येताच समोर दिसेल असा लावावा. त्यात संपूर्ण कुटुंब आहे आणि मी मध्यभागी आहे. तो सर्वांत मोठा, पाच फुटी करावा. फोनवर बोटांनी ताणून पाहिला तर चौकोन चौकोन दिसतात. छपाईत ते येणार नाहीत असे तुम्ही कळवले आहे, ते लक्षात ठेवते.

तुमच्याकडे हे काम करणारी व्यक्ती फार बारकाईने बघते असे दिसते. तिला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी.

दुकानाच्या वतीने,
(सही)


२८ मार्च

प्रिय वहिनी,

असं करू नकोस. हात जोडते.

तू जरा शांत डोक्याने बघ. चोरलेली अंगठी बोटात घालून कुणी फोटोला उभं राहतं का? तेही सगळं घर शोधाशोध करत असताना? तो ठिपका दुसरं काहीही असेल. फूल असेल, पाण्याचा थेंब असेल, त्या कॅमेऱ्याची खोड असेल. तूच म्हणतेस ना, आधी नुसता ठिपका होता म्हणून.

थोरल्या वहिनीने तुझ्याशी जे केलं ते वाईटच केलं. बॅग उलटी करायला नको होती. पण अंगठी तिने घेतलेली नाही, हे मला ठाऊक आहे.

लावायचाच असेल तर तो फोटो फूटभर कर. लहानच ठेव. लहान ठेवलं की सगळं निभतं.

गुडघ्यांमुळे मी समारंभाला येत नाही, दादाला कळवलंय.

तुझी,
वन्सं


३ एप्रिल

प्रिय वन्सं,

वा! माझ्याबद्दलही ठाऊक, त्यांच्याबद्दलही ठाऊक. मग अंगठीला काय पाय फुटले होते?

फोटोला बोटात घालून कोण उभं राहील म्हणता. घाईत सरकवली असेल, खडा आत वळवला असेल, तुमच्या खांद्यावर हात ठेवताना तो बाहेर फिरला असेल. चोर सगळं नीट करत असते तर पोलिसांना काम कशाला उरलं असतं?

तुमचं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. 'बॅग उलटी करायला नको होती' म्हणे! चहा जरा गोड झाला अशा चालीवर लिहिलंयत. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाच्या मावशीला कुणीतरी सांगितलं, हिच्या आईला सासरहून चोरीसाठी काढलंय. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. माझी मुलगी मला म्हणाली, "जाऊ दे आई." त्या 'जाऊ दे' मध्ये प्रश्न होता की नव्हता, मला आजतागायत कळलेलं नाही. बापाने विचारलं नाही, आता लेकही विचारत नाही. मला चोर म्हणणारे परवडले, वन्सं. हे न विचारणारे जीव घेतात.

मला माझं नाव परत हवंय. त्याच माणसांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात.

शेवटी तुम्ही त्या घरच्या. वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. प्रिंट आज मशीनवर चढतोय. पाच फूट. त्यांच्याच हुकमावरून.

धाकटी


१३ एप्रिल

प्रिय वन्सं,

रागाने लिहिलं होतं, ते विसरा. आज मी सगळ्या जगावर खूश आहे.

काल सकाळी दहाला प्रिंट टांगायला मीच गेले. डोक्याचे केस पांढरे, अंगात स्टुडिओचा निळा कोट. जाऊबाईंनी मला ओळखलंसुद्धा नाही. "जरा खाली घ्या," म्हणाल्या. घेतला. त्यांचा हात बरोबर बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल इतका खाली घेतला, आणि वरचा दिवा त्याच्यावर वळवला.

साडेअकरापर्यंत हॉल भरला. सगळे आले, त्या दिवशी फरशीभोवती उभे होते ते सगळे. पाया पडणं, फोटो काढणं चाललं होतं. आणि तुमचे जुने मिस्त्री चष्मा कपाळावर सरकवून प्रिंटच्या अगदी जवळ गेले. चाळीस वर्षं चाकाची आरी न् आरी बघणारा माणूस तो. म्हणाले, "बाई, ही गेलेल्या मोठ्या बाईंची अंगठी ना? हरवली होती ती?"

भाऊजींनी विचारलं, "काय म्हणतोयस?"

मिस्त्री ओरडले, "अंगठी! मोठ्या बाईंची! बाईंच्या बोटात!"

जाऊबाई म्हणाल्या, "काहीतरीच काय!" आणि त्यांनी फोन काढला. वेबसाइटवर तोच फोटो आहे ना, तो भाऊजींपुढे धरला. "हे बघा, यात कुठे आहे?" नव्हतीच. लोकांनी फोन बघितला, भिंत बघितली, परत फोन बघितला. तुमची ती चुलत मावशी मागून हळूच म्हणाली, "म्हणजे तिथली पुसून घेतली वाटतं." एवढं मी योजलंसुद्धा नव्हतं, वन्सं! ते आपोआप घडलं.

भाऊजी म्हणाले, "मग धाकटीची बॅग का उलटी केलीस?"

तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, "ती बॅग माझी होती."

जाऊबाईंचा चेहरा बघायला तुम्ही हव्या होतात. खुर्चीचा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "मी नाही घेतली." तीनदा म्हणाल्या. चोवीस वर्षांपूर्वी मीही तीनदाच म्हटलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी तेव्हा जी मान हलवली तशीच काल हलवली. मला ते बघून इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दोघीतिघींनी येऊन माझा हात धरला. मिस्त्री रडले. संध्याकाळी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी विचारायला हवं होतं." एवढ्यासाठीच सगळा खटाटोप होता.

प्रिंट अजून दोन आठवडे तिथेच आहे.

तुमची,
धाकटी


१६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी थोरल्या वहिनीचा फोन आला होता. दादाने तिच्याशी बोलणं टाकलंय. ती भावाकडे जाऊन राहिलीय. फोनवर ती रडली. मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

अंगठी माझ्याकडे आहे.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी आईला बोलताना ऐकलं, ही अंगठी मी थोरलीला देणार, घर तीच सांभाळते म्हणून. मी तिची पोटची मुलगी. मला राग आला. त्या दिवशी खण उघडा दिसला आणि मी उचलली. वाटलं होतं, चार दिवसांनी आईला सांगेन, ती रागावेल, मग हसेल. पर्समध्ये टाकली. नवरीची पर्स कोण उघडणार?

तुझी बॅग उलटी झाली तो आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला. बाटली घरंगळल्याचाही ऐकला. दार दोन पावलांवर होतं. मी आरशासमोर बसून राहिले. बाहेर नवऱ्याकडची माणसं होती, मला वाटलं लग्न मोडेल. मग उद्या सांगू म्हटलं. मग पुढच्या महिन्यात. मग आई गेली, मग धाकटा गेला, आणि सांगायचं कुणाला तेच उरलं नाही. अंगठी मी कधी बोटात घातली नाही. लोकरीच्या कपड्यांखाली एका मोज्यात आहे.

तुझ्या फोटोत काय दिसतं ते मला माहीत नाही, पण ती अंगठी नाही. तेव्हा ती माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स मी छातीशी धरली होती. तूच लिहिलं होतंस.

आता तूच काहीतरी कर. स्टुडिओची चूक झाली म्हणून सांग आणि फोटो उतरव. थोरली वहिनी सुटेल, तुझं नाव तर आता स्वच्छ झालंच आहे. माझं मात्र मध्ये आणू नकोस. मुलीच्या लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही, तिच्या सासरी कळलं तर तिला काय वाटेल? तुझ्यावर मी कमी माया केली का? चोवीस वर्षं पत्रं लिहिली.

तू रागावशील. रागव. पण समजून घे.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझी,
वन्सं


२० एप्रिल

वन्सं,

पत्र वाचलं आणि आधी तुमच्यावर नाही, माझ्यावर चिडले. निगेटिव्ह काढली, काचेखालचा दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं. जाऊबाईंच्या बोटावर एक काळा कण होता. निगेटिव्हवर काळा म्हणजे फोटोत पांढरा. ब्रश एकदा फिरवला. कण उडाला. बोट मोकळं.

धूळ होती. बावीस वर्षं मी हे काम करते. आधी धूळ काढायची, मग आकार ठरवायचा, धार सगळ्यात शेवटी आणि एकदाच, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवते. आणि त्या दिवशी ब्रशला हात न लावता स्कॅन केलं, आणि एकदा सोडून तीनदा धार लावली. कारण मला जे बघायचं होतं ते दिसायला लागलं होतं, आणि धुळीच्या कणाला काळी कड मीच आणत होते. जाऊबाईंनी माझ्याशी जे केलं तेच मी त्यांच्याशी केलं. फरक एवढाच की मी मशीन लावून केलं. याची मला शरम वाटते, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

आता तुमचं. दर पत्रात तुम्ही लिहायचात, 'तू घेतली नाहीस हे मला ठाऊक आहे.' ह्यांच्या आजारपणात ती ओळ मी त्यांना वाचून दाखवायचे, बघा, तुमच्या बहिणीचा माझ्यावर केवढा विश्वास आहे. विश्वास हा शब्द माझा होता. तुम्ही तो एकदाही लिहिला नाहीत. मी जुनी पत्रं काढून पाहिली, सगळीकडे 'ठाऊक'. ठाऊक असणारच! पुरावा मोज्यात ठेवून मला धीर देत होतात. तुमचा भाऊ मनात काय घेऊन गेला ते आता कुणालाच कळणार नाही, आणि त्यांना सांगायला तुमच्याकडे अठरा वर्षं होती. ह्याला तुम्ही माया म्हणता.

मुलीच्या सासरी कळू नये म्हणता. माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासरी कळलं होतं, तेव्हा तुमचं पत्र आलं होतं, 'असतं एकेकाचं नशीब.' तेही सापडलं.

परवा सकाळी जाऊबाईंच्या भावाकडे गेले. त्यांनीच दार उघडलं. मी आधी धुळीचं सांगितलं, सगळं, तीनदा धार लावल्यासकट. त्या ऐकत होत्या. मग तुमचं पत्र हातात दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "तुझी बॅग मी उलटी केली. ह्याच हातांनी." नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. आम्ही गळ्यात गळे घातले नाहीत, तशी आशा ठेवू नका. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि त्यांनी मला केलं असेल असं वाटत नाही.

त्यांनी चहा ठेवला. पत्र टेबलावर सरळ करून तळव्याने सुरकुत्या काढल्या. मग मला विचारलं, "हे मोठं करता येतं का?"

म्हटलं, "येतं. किती हवंय?"

"पाच फूट."

भाऊजींना आम्ही दोघींनी मिळून वाचून दाखवलं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "लावा."

तेव्हा कळवायचं ते असं. क्रमांक अकरा पुन्हा छापलाय, धूळ काढून. जाऊबाईंच्या बोटात काही नाही, हे कुणीही जवळ जाऊन बघावं. तुम्ही आहात तशाच आहात, पर्स छातीशी धरून. त्याच्या शेजारी आज दुपारी तुमचं पत्र टांगलं. या वेळी सगळं नियमाने केलं. आधी कागदावरची धूळ झटकली. मग दोन आकार केले. एक बाराशे ठिपके रुंद, वेबसाइटसाठी आणि घरच्या ग्रुपसाठी, फोनवर बोटांनी न ताणता वाचता येतो. दुसरा पाच फुटी. मग शेवटी धार, दोन्हींना वेगवेगळी, बेताची. तुमचं अक्षर बारीक आहे, पण सुवाच्य आहे. काही नवीन आणावं लागलं नाही.

शेवटच्या ओळीत मात्र तुमच्या पेनातली शाई संपत आली होती. 'हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.' तेवढ्या ओळीला थोडी जास्त धार लावली. आता हॉलच्या दारातूनही वाचता येते.

धाकटी